तुमचा नाही, फितूरही नाही

शहादे, २० नोव्हेंबर १९४२

भाऊ,

हे पत्र तुझ्या हाती येण्याआधी तुरुंगातले साहेब वाचतील. म्हणून पहिला नमस्कार त्यांना, दुसरा तुला.

माय बरी आहे असं ऐकते. ऐकते असं लिहिलं, कारण दिवाळीला मी कळसाडीला गेले नाही. दरवर्षी धनत्रयोदशीला गाडी येते, यंदा आली नाही. गाडीच्या जागी वहिनीचा निरोप आला, ‘आवंदा नका येवू, गावमा बरं दिसावं नही.’ पार्वतीवहिनीचा मला राग नाही. तिच्या तोंडून गावच बोलत होतं.

तुला अजून कोणी कळवलं नसेल तर मीच कळवते. पोलिसांना ठाऊकच आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. दसऱ्यानंतर आपल्या कळसाडीच्या शेतातल्या झोपडीवर धाड पडली. तिथे लपलेला झिपरू सापडला. त्याच्याबरोबरचा वाहरू पळाला, कुठे आहे कुणाला माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी शहाद्यात बोलणं सुरू झालं की झोपडीची खबर आमच्या घरातून गेली. पुरावा विचारला तर एकच, गिरधर मास्तर लाल बावट्याचा आहे.

तू ज्या दिवशी पकडला गेलास, त्याच्या आदल्या सभेत हे उभे राहून म्हणाले होते की रशियावर हल्ला झाल्यापासून हे युद्ध वेगळं झालं आहे, आता तारा तोडणं मला पटत नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. ज्याला खबर द्यायची तो असं आधी ओरडून सांगेल का? पण तूच त्या दिवशी पोलिसांच्या मोटारीत चढताना म्हणालास, ‘आजपासून त्या घरमा मन्हं कोनी नही.’ लोकांनी ते ऐकलं. त्यांना वाटतं, सख्ख्या भावाने सांगितलं म्हणजे खरंच असणार.

आता न्हावी येत नाही. कमलला शेजारच्या मुली खेळायला घेत नाहीत. परवा तिने विचारलं, ‘आई, फितूर म्हणजे कोणती जात?’ आठ वर्षांची आहे.

माझी एकच मागणी आहे. गाव ज्यांचं ऐकतं त्या भीकमचंद शेठजींना दोन ओळी लिही. तुझं आणि ह्यांचं मत पटत नाही, हे लिही हवं तर. पण गिरधर खबर देणारा माणूस नाही, हेही लिही. तीस साली जंगल सत्याग्रहात तुम्ही दोघं एकत्र तुरुंगात होता. माझं लग्न तूच ठरवलंस. तुझा शब्द इथे चालतो.

घरात काम वाढलं आहे, म्हणून इथेच थांबते.

निर्मला


शहादे, ३० जानेवारी १९४३

भाऊ,

तुझं उत्तर मिळालं. फार वेळा वाचलं. तू लिहितोस, ‘तुझ्या नवऱ्याविषयी माझं खाजगी मत काय, हा प्रश्नच नाही. आजच्या घडीला माणूस नसतो, बाजू असते. त्याने आपली बाजू निवडली आहे. मी आज त्याच्यासाठी शब्द टाकला तर बाहेर जे जिवावर उदार होऊन काम करत आहेत त्यांचं मन खचेल.’

म्हणजे तो फितूर आहे असं तू म्हणत नाहीस. नाही असंही म्हणत नाहीस. भाऊ, लहानपणी शाळेत तू माझ्या वाटणीच्या छड्या खाल्ल्यास, कारण मी चोरी केली नाही हे तुला माहीत होतं. तेव्हा माझी बाजू कोणती होती?

संक्रांत झाली. तिळगूळ केला, कारण कमल हट्ट धरून बसली. दिवसभर दारात कोणी आलं नाही. तिसऱ्या प्रहरी मागच्या दाराची कडी वाजली. उघडलं तर सज्जनबाई, भीकमचंद शेठजींची बायको. ओढणीखाली दुधाचा तांब्या झाकलेला. आमच्या गवळ्याने रतीब बंद केलाय हे तिच्या कानावर गेलं असावं. मला काय झालं कोण जाणे. ज्या माणसाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून आम्हाला वाळीत टाकायचं ठरलं, त्याचीच बायको दूध घेऊन आली होती. मी म्हटलं, ‘तुमच्या घरचं आम्हाला नको.’

ती म्हणाली, ‘मले शेठजीनी धाडं नही. त्यासले माहीतबी नही.’

मी दार लावून घेतलं.

हे आतून बघत होते. मला वाटलं, खूश होतील. तर बसल्या जागेवरून म्हणाले, ‘निर्मला, ती बाईनं काय करं?’

‘त्यांच्यातलीच ना ती?’

‘मंग तूबी आते तेच करी ऱ्हायनी,’ म्हणाले आणि पुन्हा वाचत बसले.

मला रात्रभर, नव्हे, पुढचे कितीतरी दिवस ते टोचत राहिलं. तीन महिने मी सगळ्यांना सांगत होते की माणूस बघा, बावटा बघू नका. आणि पहिलं माणूस दारात आलं तेव्हा मी तिची ओढणी बघितली.

दुसऱ्या आठवड्यात मीच तिच्याकडे गेले. मागच्या दाराने. तिने काही विचारलं नाही, पाट दिला. तिने दिलेला चहा मी प्यायले. आमची मैत्री आता मागच्या दाराची आहे.

तुझी निर्मला


शहादे, ४ एप्रिल १९४३

भाऊ,

हे पत्र साहेब वाचणार नाहीत. सज्जनबाईचा भाऊ धर्मचंद तुझ्याच बराकीत आहे. ती त्याला भेटायला नाशकाला चालली आहे आणि हे पत्र तिच्याबरोबर येईल. कसं आत पोचवेल ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाचून झालं की फाडून टाक.

मागे मी लिहिलं होतं की वाहरू कुठे आहे कुणाला माहीत नाही. ते खोटं होतं. मी ते लिहीत होते तेव्हा तो आमच्या माळ्यावर झोपला होता.

धाड पडली त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, दिवेलागणीला, जळणाच्या पऱ्हाट्यांची गाडी आमच्या दारात थांबली. मी पऱ्हाट्या सांगितल्या नव्हत्या. गाडीवाल्याने वरच्या मोळ्या बाजूला केल्या तर खाली वाहरू. पळताना विहिरीच्या काठच्या दगडी थाळ्यावरून पडला होता. पाय मांडीपर्यंत सुजलेला, अंगात ताप. ह्यांना बघून म्हणाला, ‘मास्तर, तू फितूर व्हशी तं आठेच धरी दे. मन्हाघाई आते पळावत नही. आणि नसशी तं आठे मले कोनी दखाव नही.’

दोन्ही बाजूंनी त्याने बरोबर विचार केला होता. ज्याला सगळे फितूर म्हणतात त्याच्या घराची झडती कोण घेणार?

ह्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि माळ्यावर नेलं. खाली आल्यावर मला म्हणाले, ‘पानी तपाड.’

तो आमच्याकडे दीड महिना होता. पाय मीच शेकायची. आणि भाऊ, तुला हसू येईल, ते दोघं रोज भांडायचे. ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत भांडायचे. हे कापसाच्या जिनातून वजनकाट्यावरचं काम संपवून आले की हातपाय धुवायचे आणि वर जायचे. मी खाली भाकरी थापत असायची, वरून सापांच्या फुत्कारांसारखे आवाज यायचे. वाहरू म्हणायचा, तुमच्या रशियाला आमच्या गोमाईकाठचं काय पडलंय? हे म्हणायचे, जपानी आला तर तुझा झेंडा तो उभा राहू देईल का? एकदा वाहरू इतका चिडला की ताट ढकलून दिलं. ह्यांनी सांडलेला भात गोळा केला, दुसरा वाढून आणला आणि म्हणाले, ‘जेव. पाय बरा व्हयना का मंग चिडीसन निंघी जाय.’

त्या दीड महिन्यात दोघांपैकी एकाचंही मत तसूभर हललं नाही. मला वाटायचं, हललं असेल. नाही. तो जाताना म्हणाला, ‘मास्तर, तू चुकीना शे, पन मानूस शे.’ हे म्हणाले, ‘तूबी.’

चळवळीतली पोरं त्याला धडगावच्या बाजूला डोंगरात घेऊन गेली. तो म्हणाला होता, मी आपल्या लोकांना सांगेन की मास्तर तसा नाही. सांगितलं असेल तर कोणी मानलेलं दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला तुला मुद्दाम सांगायची आहे. वाहरू असतानाच ह्यांच्या युनियनचा माणूस आला. कुणी कळवलं माहीत नाही, पण त्याला सुगावा लागला होता. खादीवाल्यासारखाच साधा, सज्जन माणूस, कमलला त्याने खाऊ आणला. माझ्यासमोरच ह्यांना म्हणाला, ‘तुम्ही कुणाला लपवलंय ते मला नका सांगू. आजच बाहेर काढा. तो आपल्या धोरणाविरुद्ध काम करणारा माणूस आहे.’

हे म्हणाले, ‘तो आजारी माणूस आहे.’

आणि तो म्हणाला, भाऊ, तो म्हणाला, ‘गिरधर, आज माणूस नसतो, बाजू असते.’

तुझं पत्र तेव्हा आलेलंही नव्हतं. पुढे ते आलं आणि त्यात तेच वाक्य वाचलं, तेव्हा मला वाटलं तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकलात की काय. तू त्याला शत्रू म्हणतोस, तो तुला. पण तुमची दोघांची गाठ पडली असती तर एवढ्या एका गोष्टीवर तुमचं लगेच जमलं असतं.

ह्यांनी वाहरूला बाहेर काढलं नाही. युनियनने ह्यांना काढलं. जिनातल्या मजुरांचा रात्रीचा वर्ग होता तोही गेला. आता आम्ही कुणाचेच नाही. गाव म्हणतं लाल, लाल म्हणतात बिनकामाचा.

मी तुला पुन्हा शब्द मागत नाही. फक्त तुला हे माहीत असावं.

निर्मला


शहादे, ११ फेब्रुवारी १९४४

भाऊ,

झिपरू सुटून आला. काल संध्याकाळी घरी आला होता. उंबऱ्याच्या आत येईना. मी म्हटलं, ये, तर म्हणाला, ‘आठेच बठस.’ मग बराच वेळ रडला.

त्याला धाडीच्या आधी दोन दिवस मुलगा झाला होता. त्याच्याने राहवलं नाही. झोपडीतून उठून घरी गेला, मुलाचं तोंड बघितलं आणि परत आला. शिपाई मागावर होता. ‘कोनी सांगं नही, ताई. मन्हा मांगे मांगेच उना तो.’

एवढंच होतं. इतकी दीड वर्षं, एवढंच होतं.

तो शेठजींकडे जाऊन आला होता. शेठजी म्हणाले, झालं ते झालं, आता हे बोलून तुझीच बदनामी होईल, आणि गिरधर काही आपला नाही. शेठजी वाईट माणूस नाहीत. तीस साली त्यांनी दुकानातलं विलायती कापड स्वतःच्या हातांनी होळीत टाकलं, हे मी पाहिलं आहे. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मी झिपरूला धीर देत होते, तेवढ्यात तो म्हणाला, ‘भाऊले मी तठे जेलमाच सांगं व्हतं. मागला पावसाळामा.’

मागल्या पावसाळ्यात. म्हणजे तुला आठ महिने माहीत आहे.

त्याच पावसाळ्यात वाहरू डोंगरात हिवतापाने गेला. ती बातमी तू मला कळवलीस. चार पानं लिहिलीस त्याच्या शौर्यावर. ही एक ओळ लिहिली नाहीस.

मला याचं उत्तर नको. मी ह्यांना हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांना तू अजून आवडतोस.

नि.


शहादे, १९ नोव्हेंबर १९४४

भाऊ,

तू काल संध्याकाळी उठून गेलास. रागाने गेलास. जाताना चपला घालायचंही भान नव्हतं, परत येऊन घातल्यास. म्हणून आज हे पत्र कळसाडीच्या गाडीवानाबरोबर पाठवते आहे, उद्यापर्यंत थांबवत नाही.

आधी सभेचं. तू सुटून आल्यावर आठवडाभर आमच्याकडे आला नाहीस, तेव्हा मी मनाची समजूत घातली होती. सत्काराच्या सभेला आम्ही येणार नव्हतो. सज्जनबाई येऊन बसली, म्हणाली, चला, मी तुमच्याशेजारी बसते. सगळ्यांसमोर, पुढच्या दाराने आम्ही दोघी निघालो. हे मागून आले आणि पुरुषांच्या कडेला उभे राहिले.

तू बोलायला उठलास आणि पहिलंच वाक्य झिपरूचं. मला कानावर विश्वास बसेना. झोपडीची खबर कोणी दिली नाही हे तू सांगितलंस, वाहरू कुणाच्या माळ्यावर बरा झाला तेही सांगितलंस. झिपरू खाली मान घालून उभा होता, तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. नंतर तू म्हणालास, ‘हे मला दीड वर्ष माहीत होतं आणि मी गप्प राहिलो.’ त्या क्षणी मी तुला माफ केलं. लिहून ठेवते, कारण पुढे भांडताना मी ते विसरेन.

मग टाळ्या झाल्या. भीकमचंद शेठजींचे डोळे भरून आले होते. सुताचा हार घेऊन ते ह्यांच्याकडे चालत आले, गळ्यात घातला आणि लोकांकडे वळून म्हणाले, ‘गिरधर मास्तर मनतीन आपलाच व्हता.’ पुन्हा टाळ्या. आमच्या घराशेजारची, जी दोन वर्षं माझ्या सावलीला उभी राहिली नव्हती, तिने माझा हात धरला. भाऊ, मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. संपलं, असं वाटलं.

आणि ह्यांनी तो हार काढला.

नीट घडी करून शेठजींच्या हातात दिला. मग जे बोलले ते तुला पाठच असेल, पण मी लिहून ठेवते. ‘मी तुम्हना नही, शेठजी. तुम्हनं बेचाळीसनं काम मले तवयबी चुकनं वाटे, आजबी वाटस. वाहरूले मी ठेवं, कारन त्याना पाय सुजेल व्हता. तुम्हना व्हयनू म्हनीसन नही ठेवं. मी तुम्हना नही, आणि फितूरबी नही. आते काय करशात ते ठरावा.’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘बसवा त्याले.’ शेजारणीने माझा हात सोडला. हळूच सोडला, पण सोडला.

मी तुझ्याकडे बघत होते. तू काही बोलला नाहीस.

घरी येऊन मी ह्यांना खूप बोलले. म्हटलं, एक हार गळ्यात राहू दिला असता तर काय बिघडलं असतं? कमलच्या मैत्रिणी परत आल्या असत्या. हे म्हणाले, ‘त्यांनी मला माफ केलं नाही गं. त्यांनी मला त्यांच्यातला करून घेतलं. उद्या दुसरा कोणी लाल निघाला, आणि त्याच्या माळ्यावर वाहरू नसला, तर त्याचं काय?’ घरात ते असं पुस्तकी मराठी बोलायला लागले की समजावं, फार दिवस मनात घोळलेलं आहे.

आणि काल तू आलास. एकटा, न सांगता. मी कढी केली होती. तू जेवायला बसलास आणि मी न विचारता सांगायला लागलास. बराकीत एकाने नुसतं म्हटलं की लालवाले चुकले असतील पण देशद्रोही नाहीत, तर महिनाभर त्याच्या पंगतीला कोणी बसलं नाही. तू म्हणालास, ‘मीबी बसनू नही. इंग्रजना दंडानी भीती नही वाटनी, पंगतमाईन उठाडतीस यानी वाटनी.’ हे ऐकत होते. म्हणजे तू का गप्प राहिलास ते त्यांना कालच कळलं. ते एवढंच म्हणाले, ‘मन्हाबी युनियनमा असंच,’ आणि तुझ्या पानात कढी वाढली.

तिथे थांबायला हवं होतं. पण तुम्ही दोघं थांबाल कसे? तू म्हणालास, सगळं खरं, गिरधर, तरी त्या दिवशी सभेत तू आम्हाला खाली पाहायला लावलंस, एवढी पोरं मेली आणि तू चूक म्हणतोस. ते म्हणाले, मेली म्हणून बरोबर होत नाही. मग रशिया आला, बंगालचा दुष्काळ आला, तारा आल्या. इतक्या मोठ्याने की शेजारी ओट्यावर जमा झाले. कुजबुजायचं कारण उरलं नव्हतं. तू उठलास आणि गेलास.

तू गेल्यावर मी रडले. हे हात धुऊन आले आणि म्हणाले, ‘रडस कसाले? तो चुकीनाच शे. पन उना.’

आता निरोप. येत्या बुधवारी बाजार आटोपला की आम्ही तिघं कळसाडीला येतो आहोत. वहिनीला सांग, गावात बरं दिसणार नाही, तरी येतो आहोत. मायला आधी सांगून ठेव म्हणजे तिला धक्का बसणार नाही. ह्यांनी दोन वर्तमानपत्रं बांधून ठेवली आहेत, तुला दाखवायला, म्हणजे तू चिडणार हे नक्की.

कमलने विचारलं, ‘मामा आणि बाबा इतके भांडतात, मग आपण त्यांच्याकडे कशाला जायचं?’

मी तिला सांगितलं, भांडायला.

तुझी
निर्मला